मोपा ते सोलापूर: हवेतलं अंतर, तिकिटावरचा वेळ आणि घरापासूनचा खरा हिशेब

आषाढीची गर्दी ओसरली की आईला पंढरपूरला घेऊन जायचं, हे आमच्या घरात दर वर्षी ठरतं. गोव्यातल्या साखळीहून केरी, चोर्ल्याचा घाट, बेळगाव, मिरज, सांगोला असा रस्ता. साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो आणि घाट, पाऊस, चहापाणी धरलं तर आठ-नऊ तास खातो. जून २०२५ मध्ये फ्लाय९१ या कंपनीने मोपाहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, सोलापूरला विमान सुरू केलं तेव्हा साहजिकच वाटलं की आईचे गुडघे वाचतील. सोलापूरहून पंढरपूर पाऊणशे किलोमीटरच्या आत, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, अक्कलकोट चाळीसच्या. गोव्यातल्या कितीतरी घरांसाठी याहून सोयीचा विमानतळ नाही.

भाच्याला म्हटलं, जरा अंतर आणि वेळ बघून सांग. त्याने दहा मिनिटांत चार आकडे काढले. एका ठिकाणी अंतर ३०४ किलोमीटर, दुसरीकडे ३३५. एक पान म्हणे उड्डाणाला २३ मिनिटं लागतात, आणि तिकिटाच्या पानावर १ तास १० मिनिटं. आई म्हणाली, "तेवीस मिनिटांत पोचत असतील तर दुपारच्या नैवेद्याला तिथं असू की."

यातला एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता, एवढंच. कुठला आकडा कशाचा, आणि आपल्या घराच्या उंबऱ्यापासूनचा वेळ स्वतः कसा काढायचा, ते इथे क्रमाने लिहितो. सोलापूर हे फक्त उदाहरण आहे. रीत कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते आणि कागद, पेन व मोबाइलमधला गणकयंत्राचा पडदा एवढ्यावर भागते.

आधी विमानतळ नक्की करा

"गोवा" हे आता एका विमानतळाचं नाव राहिलेलं नाही. दाबोळी जुना. पोर्तुगीज काळात, १९५० च्या दशकात बांधलेला आणि आज नौदलाच्या आयएनएस हंसा या तळाचा भाग. मोपा नवा. पेडणे तालुक्यातल्या पठारावरच्या या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तिकिटावर दाबोळीचा संकेत जीओआय असतो, मोपाचा जीओएक्स. शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं.

या एका अक्षरापायी आमच्या मामांचं विमान चुकलं. ते मडगावला राहतात, आयुष्यभर विमान म्हटलं की दाबोळी. तिकीट दुसऱ्याने काढलेलं, संदेशात ठळक अक्षरांत फक्त "गोवा". दाबोळीच्या दारावर जवानाने तिकीट बघितलं आणि सांगितलं, आजोबा, हे मोपाचं आहे. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत ४० किलोमीटर आहेत, पण रस्त्याने जुवारी पूल, पणजी, मांडवी, म्हापसा, धारगळ असं साठाच्या वर जातं. मोकळा रस्ता मिळाला तरी सव्वा-दीड तास. मामा पोचले तेव्हा विमान निघून गेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे तिकीट आलं की पहिल्यांदा संकेताची अक्षरं मोठ्याने वाचली जातात.

भाच्याच्या ३०४ आणि ३३५ चं कोडंही इथेच सुटलं. ३०४ मोपापासूनचं अंतर, ३३५ दाबोळीपासूनचं. बरीच जुनी पानं आजही "गोवा" म्हणजे दाबोळीच धरून चालतात. काही तर विमानतळ सोडून शहराचा मध्य धरतात, म्हणजे पणजी, आणि मग तिसराच आकडा येतो. मुंबईच्या बाबतीतही हीच काळजी घ्यायला हवी. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्यापासून "मुंबई" या शब्दामागेही दोन संकेत आहेत.

सोलापूरचा संकेत एसएसई. विमानतळ होटगी रस्त्यावर, शहराला लागून. या विमानतळाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण अंतर कमी असूनही विमान का नव्हतं याचं उत्तर तिच्यात आहे. जवळच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या उतरण्याच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं वाद चालला आणि जून २०२३ मध्ये ती पाडली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि त्यानंतर आपल्याकडचं विमान आलं. दोन गावांमधलं हवाई अंतर किलोमीटरांत मोजतात खरं, पण उतरायची वाट मोकळी आहे का, धावपट्टी किती लांब आहे, हे प्रश्न त्याच्या आधी येतात.

सरळ अंतर स्वतः काढणं

मोबाइलच्या नकाशावर विमानतळाच्या धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरा. दोन अंक दिसतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांशानंतर दोन आकडे घेतले तरी पुरे, कारण एका अंशाच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे जेमतेम एक किलोमीटर.

मोपा: अक्षांश १५.७४, रेखांश ७३.८६.
दाबोळी: १५.३८ आणि ७३.८३.
सोलापूर: १७.६३ आणि ७५.९३.

आता मोपा ते सोलापूर. अक्षांशांतला फरक १७.६३ वजा १५.७४, म्हणजे १.८९ अंश. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.६ किलोमीटर. गुणाकार केला की २०९ किलोमीटर. सोलापूर मोपापेक्षा इतकं उत्तरेला आहे.

रेखांशांतला फरक ७५.९३ वजा ७३.८६, म्हणजे २.०७ अंश. इथे जरा थांबायला हवं. रेखांशाच्या रेषा मोसंबीच्या फोडींसारख्या असतात, मधे रुंद आणि टोकांशी एकत्र येणाऱ्या. विषुववृत्तावर एक अंश १११.३ किलोमीटरचा असतो, पण जसजसं उत्तरेला जावं तसतसा तो आकसत जातो. किती आकसतो हे काढायला १११.३ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने (गणकयंत्रावरचं cos बटण) गुणायचं. मोपा आणि सोलापूर यांचा मधला अक्षांश साधारण १६.७, त्याचा कोसाइन ०.९५८, म्हणजे एक अंश १०६.६ किलोमीटर. २.०७ ला त्याने गुणलं की २२१ किलोमीटर. सोलापूर तितकं पूर्वेला आहे.

उत्तरेला २०९, पूर्वेला २२१. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या, कर्ण काढायचा. शाळेतला पायथागोरस इथे कामी येतो. २०९ चा वर्ग ४३,६८१, २२१ चा वर्ग ४८,८४१, बेरीज ९२,५२२, वर्गमूळ ३०४. मोपा ते सोलापूर ३०४ किलोमीटर.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा त्रिकोण चालतो का, असा प्रश्न माझ्या दहावीच्या मुलीने विचारला आणि तो अगदी योग्य होता. दिल्ली-लंडनसारख्या अंतराला चालणार नाही, तिथे गोलावरचं सूत्र लागतं. पण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या परिसरात चूक किलोमीटर-दोन किलोमीटरच्या पुढे जात नाही. शंका असेल तर नकाशातलंच अंतर मोजायचं साधन वापरून दोन्ही धावपट्ट्यांवर टिचकी द्या, आकडा पडताळता येतो. मला मात्र हाताने काढायला आवडतं. सोलापूर गोव्याच्या बरोबर ईशान्येला आहे, उत्तरेला जेवढं जवळजवळ तेवढंच पूर्वेला, हे मला या त्रिकोणामुळे पहिल्यांदा दिसलं. रस्त्याच्या वळणांत ते कधी कळलं नव्हतं.

विमानवाले अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ३०४ किलोमीटर म्हणजे १६४ सागरी मैल. कुठे १६४ चा आकडा दिसला तर गोंधळू नका.

विमान त्या रेषेवरून जात नाही

सरळ अंतर हे कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात विमानाला वाऱ्याच्या समोर तोंड करून उडावं आणि उतरावं लागतं. मोपाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमान आधी समुद्राच्या दिशेने उडतं आणि मग वळसा घेऊन ईशान्येकडे लागतं. खिडकीशी बसलात तर किनारा दिसतो आणि मग तोच किनारा पुन्हा मागे पडताना दिसतो.

सोलापूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेत आहे. आपण येतो नैऋत्येकडून, म्हणजे धावपट्टीला जवळजवळ काटकोनात. समोरासमोर उतरणं शक्यच नाही, बाजूला जाऊन वळून रेषेत यावं लागतं. शिवाय मधल्या वाटेत हवाई मार्ग ठरलेले असतात आणि नियंत्रण कक्ष सांगेल तसं थोडं इकडेतिकडे जावं लागतं. या सगळ्यात तीस-चाळीस किलोमीटर सहज वाढतात. छोट्या अंतरात ही वाढ डोळ्यात भरते. दिल्लीच्या उड्डाणात चाळीस किलोमीटर कळतही नाहीत, सोलापूरच्या उड्डाणात ते दहा टक्क्यांहून जास्त होतात.

कोणतं विमान, हे विचारा

तेवीस मिनिटांचा आकडा कुठून आला ते आता सांगतो. ज्या पानांवर कुठल्याही दोन गावांमधला "उड्डाणाचा वेळ" मिळतो, ती बहुधा सरळ अंतराला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने भागतात. ३०४ भागिले ताशी ८०० म्हणजे २३ मिनिटं. उड्डाण, चढण, उतरण, वळण काहीच नाही, आणि विमानही चुकीचं.

मोपा-सोलापूर मार्गावर एटीआर ७२-६०० हे पंख्यांचं विमान जातं. सत्तरेक आसनांचं, पंख वरच्या बाजूला, दोन्हीकडे मोठे पंखे. पूर्ण वेग ताशी ५०० किलोमीटरच्या थोडा वर. ए३२० सारखं जेट ताशी ८०० च्या पुढे जातं. म्हणून आधी तिकिटावर किंवा आरक्षणाच्या पानावर विमानाचा प्रकार बघायचा. बहुतेक ठिकाणी तो वेळेच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेला असतो.

छोटं विमान म्हटलं की आमच्याकडे काहीजण नाक मुरडतात, हळू आहे म्हणून. गणित करून बघा. ३०४ किलोमीटरला एटीआरला पूर्ण वेगात ३६ मिनिटं, जेटला २३. फरक तेरा मिनिटांचा. त्यातही जेटला जितक्या उंचीवर जाऊन आपला वेग गाठायचा असतो, तितकी उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ झालेली असते. चारशे किलोमीटरच्या आतल्या मार्गाला एटीआर हेच योग्य विमान आहे असं माझं ठाम मत आहे. इंधन कमी जातं, छोटी धावपट्टी चालते, आणि सत्तर जागा भरल्या तरी मार्ग चालू राहू शकतो. सोलापूरसारख्या सुमारे दोन किलोमीटरच्या धावपट्टीवर रोजचं विमान टिकणार असेल तर ते याच प्रकारचं टिकेल.

मी वापरतो ते सूत्र असं. एटीआर असेल तर सरळ अंतराला ताशी ५०० ने भागायचं, त्यात चढण-उतरण-वळणांसाठी १५ मिनिटं आणि जमिनीवरच्या चालीसाठी १५ मिनिटं मिळवायची. जेट असेल तर ताशी ८०० ने भागायचं आणि वीस-वीस मिनिटं मिळवायची, कारण जेट उंच जातं आणि बहुधा गर्दीच्या विमानतळांवर उतरतं.

सोलापूर: ३६ अधिक १५ अधिक १५, म्हणजे ६६ मिनिटं. तिकिटावर होती १ तास १०. कंपन्या वेळापत्रकात चार-पाच मिनिटं हातची ठेवतात, तेव्हा हिशेब जुळला.

वाऱ्याचा परिणामही एकदा काढून बघितला. मागून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर तीच ३६ मिनिटं ३४ होतात, समोरून असेल तर ४०. जाताना आणि येताना वेळेत पाच-सहा मिनिटांचा फरक दिसला तर तो वाऱ्याचा समजा. एवढ्या अंतरावर त्याहून जास्त नाही.

तिकिटावरची वेळ म्हणजे नेमकी कुठली

तिकिटावर "निघण्याची वेळ" असते ती विमान हवेत झेपावण्याची नसते. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान उभ्या जागेवरून हललं, ती निघण्याची वेळ. पलीकडे उतरून, धावपट्टी सोडून, ठरलेल्या जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लावले, ती पोचण्याची वेळ. या दोहोंमधल्या वेळाला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. सोलापूरच्या १ तास १० मिनिटांपैकी हवेत साधारण ५० ते ५५ मिनिटं, बाकी जमिनीवर.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दार त्या वेळेच्या बरंच आधी बंद होतं. देशांतर्गत विमानांचे सामानाचे काउंटर बहुधा निघण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात आणि विमानात चढायचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. नेमके आकडे तिकिटाच्या अटींत असतात, ते वाचाच. मी काउंटर बंद होण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे विमानाच्या दीड तास आधी पोचतो. आई बरोबर असेल आणि चाकाची खुर्ची लागणार असेल तर आणखी वीस मिनिटं आधी. खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. एटीआरमध्ये विमानाच्याच छोट्या पायऱ्यांवरून चढावं लागतं, त्यामुळे पायऱ्या चढता येत नसतील तर तेही तेव्हाच सांगून ठेवावं.

दुसरी गोष्ट पैशांची आहे आणि फार थोड्यांना माहीत असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशाचे काही हक्क या ब्लॉक टाइमवर बेतलेले आहेत. कंपनीने वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण तिच्या हाताबाहेरचं नसेल, तर तिकिटाच्या परताव्याशिवाय किंवा दुसऱ्या विमानाशिवाय वर भरपाईही मिळते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांत असेल तर ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. म्हणून वेळापत्रकातला ब्लॉक टाइम ५५ मिनिटं आहे की ६५, यालाही महत्त्व आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर होणार असेल, तर विमानतळावर वेळेत हजर असलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यायचं असतं. मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही, शांतपणे मागावं. पाऊस, धुकं, वादळ ही कारणं भरपाईच्या नियमात बसत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या.

कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं

वेळापत्रक हा शब्द झाला. तो पाळला जातो का, ते बघायची सोपी सोय आहे. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपमध्ये तिकिटावरचा उड्डाण क्रमांक घाला. गेल्या आठवड्याभरात ते विमान किती वाजता निघायचं होतं, प्रत्यक्षात किती वाजता निघालं, किती वाजता उतरलं, सगळं ओळीने दिसतं. सात दिवसांतले पाच दिवस ते वेळेवर असेल तर निश्चिंत राहा. तीन दिवस तासभर उशिरा असेल तर सोलापूरहून पुढची गाडी ठरवताना तो तास धरून चाला.

एक चूक मीही केली होती, म्हणून सांगतो. काही पानांवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारताची घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे. पान ०४:३० म्हणत असेल तर आपल्याकडे सकाळचे १० वाजलेले असतात. आधी पडद्यावरची सेटिंग बघा, मग घाबरा.

छोट्या कंपन्यांकडे विमानं मोजकी असतात आणि तेच विमान सकाळपासून चार गावं फिरतं. तुमचं विमान दुपारचं असेल तर ते सकाळी कुठे आहे ते बघा. सकाळच्या पहिल्या फेरीत झालेला उशीर दिवसभर पुढे सरकत जातो. म्हणून शक्य असेल तिथे मी दिवसाची पहिली फेरी घेतो, भाडं थोडं जास्त असलं तरी.

पावसाळ्याचं वेगळं. मोपाचा विमानतळ पठारावर आहे. जून ते सप्टेंबर कधी कधी ढग पठारावरच टेकतो, समोरचं दिसत नाही, विमान घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे नेऊन उतरवतात. त्या दिवसांत त्याच दिवशी संध्याकाळी पंढरपुरात कार्यक्रम ठरवू नये. आम्ही आईची फेरी आता कार्तिकीनंतर नेतो. आकाश स्वच्छ असतं आणि चंद्रभागेच्या वाळवंटातही बसता येतं.

घरापासून उलटा हिशेब

हा भाग मी सगळ्यात मन लावून करतो, कारण खरा वेळ इथे जातो. सुरुवात विमानाच्या वेळेपासून करायची आणि मागे मागे यायचं.

समजा विमान सकाळी १० ला आहे. दीड तास आधी, म्हणजे ८:३० ला मोपाच्या दारात. साखळीहून डिचोली, कोलवाळ, धारगळ मार्गे मोपा सव्वा तासाचा रस्ता, पण डिचोलीच्या नाक्यावर आणि राष्ट्रीय महामार्गावर काय मिळेल सांगता येत नाही, म्हणून दीड तास धरतो. घरातून ७ ला निघायचं. ११:१० ला सोलापूर. विमानतळ लहान असल्याने वीस मिनिटांत सामान घेऊन बाहेर, ११:३०. तिथून मोहोळमार्गे पंढरपूर दीड ते पावणेदोन तास. १:१० च्या सुमारास पंढरपूर.

सकाळी ७ पासून दुपारी १:१० पर्यंत सहा तास दहा मिनिटं. आईच्या तेवीस मिनिटांपासून आपण किती लांब आलो बघा. आणि रस्त्याने? आठ-नऊ तास. म्हणजे विमानाने वाचले दोन ते तीन तास, एवढंच. हा आकडा हातात आल्यावरच निर्णय नीट घेता येतो.

माझा निर्णय माणसं बघून बदलतो. आई आणि मी दोघंच असू तर विमान, डोळे झाकून. तिच्यासाठी वाचलेल्या तासांहून चोर्ल्याच्या घाटातली वळणं आणि गाडीत आठ तास दुमडून बसलेले गुडघे यांतून मिळालेली सुटका मोठी आहे. सहा तासांत तिचं गाडीत बसणं दोन तुकड्यांत विभागलं जातं आणि मधे चालणं होतं. आम्ही पाचजण असू, मुलं असतील, तर आपली गाडी. पाच तिकिटं आणि पलीकडे भाड्याची गाडी यांच्या खर्चात दोन दिवस जास्त राहता येतं. आणि जे डिचोली-साखळी-माशेलकडून दिंडीबरोबर पायी जातात, त्यांच्या हिशेबात तास नसतातच.

तुम्ही मडगाव-काणकोणकडचे असाल तर उलटा हिशेब अजून काळजीने करा. मडगावहून मोपा दोन तास धरावेत. सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना मात्र मोपा हाकेच्या अंतरावर आहे, पाऊण तासात होतं. एकच उड्डाण, पण मडगावच्या माणसाला पंढरपूर बांद्याच्या माणसापेक्षा सव्वा तास लांब आहे. टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी. कदंबच्या बसगाड्याही मोपाला जातात, त्यांच्या वेळा तुमच्या विमानाला जुळतात का ते बघून ठरवा.

परतीचा हिशेब वेगळा करायचा असतो हे पुष्कळजण विसरतात. पंढरपूरहून सोलापूरकडे येताना एकादशीच्या आसपास रस्ता भरलेला असतो, तिथे तासभर जास्त ठेवा. आणि प्रसादाचं सामान बांधताना सुकं खोबरं पिशवीत घालू नका. त्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या मालात मोजतात, सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतात आणि त्यात पंधरा मिनिटं जातात. पेढे, चुरमुरे, बुक्का यांना आम्हाला कधी कोणी अडवलेलं नाही.

हात बसावा म्हणून आणखी काही मार्ग

पुणं सगळ्यात सोपं, कारण लोहगाव विमानतळ मोपाच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे. अक्षांश १८.५८, रेखांश ७३.९२. रेखांशातला फरक इतका किरकोळ की तो सोडूनच द्यावा. १८.५८ वजा १५.७४ म्हणजे २.८४, गुणिले ११०.६, म्हणजे ३१४ किलोमीटर. दाबोळीहून तेच ३५४. जेट असेल तर २४ अधिक ४०, साधारण १ तास ५ मिनिटं.

मुंबई सांताक्रूझ: मोपाहून ३८५, दाबोळीहून ४२३. सूत्र १ तास १० मिनिटं सांगतं, पण मुंबईच्या आकाशात रांग असते, दहा-पंधरा मिनिटं वर धरावीत.

जळगाव: अक्षांश २०.९६, रेखांश ७५.६३. मोपाहून ६०७ किलोमीटर येतं. एटीआरने ७३ अधिक ३०, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. इथे छोट्या आणि मोठ्या विमानातला फरक जाणवायला लागतो, तरी रस्त्याचे चौदा-पंधरा तास आठवले की तक्रार उरत नाही.

नागपूर: मोपाहून ८०७ किलोमीटर, जेटने १ तास ४० मिनिटं. इथे रेखांशाचा एक अंश १०६.६ धरू नका. मधला अक्षांश १८.४ होतो, म्हणून १०५.६ घ्या. हे न बदलता केलं तर तीन-चार किलोमीटर जास्त येतात.

बेळगाव आणि कोल्हापूर यांचं अंतर हौस म्हणून काढून बघा. मोपा ते बेळगावचं सांबरा सरळ रेषेत ८२ किलोमीटर निघतं. दोन-अडीचशे किलोमीटरच्या आतल्या रस्त्याला विमानाचा विचारही करू नये. विमानतळावर पोचून आत बसेपर्यंत तुमची गाडी घाट चढून पलीकडे गेलेली असते.

मार्ग हंगामाप्रमाणे बदलतात. वेळापत्रक मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस बदलतं, आठवड्यातले दिवसही कमीजास्त होतात. म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या महिन्याचं पान उघडा. आमच्या घरी आता फ्रिजवर एक चिठ्ठी लावलेली आहे: मोपा १५.७४, ७३.८६, आणि खाली आईच्या हाताने लिहिलेलं, "घरातून ७ ला".